स्टेरॉइड संप्रेरकं पेशीत शिरतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या घरी जीवशास्त्राचा एक छोटा वर्ग भरतो. बारावीची मुलं येतात, बीएस्सीची येतात, आणि मागच्या सतरंजीवर शेजारपाजारची मोठी माणसंही येऊन बसतात. संप्रेरकांचा (हार्मोनांचा) धडा निघाला की तासभर जादा जातो, कारण प्रश्न संपत नाहीत. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषध ठरवायला तुमचे डॉक्टर आहेत.

स्टेरॉइड म्हणजे जिममधली मुलं घेतात तेच ना?

ते या मोठ्या कुटुंबातलं एक. कोलेस्टेरॉलपासून शरीर जी संप्रेरकं बनवतं, त्या सगळ्यांचा सांगाडा एकच: सहा कार्बनच्या तीन कड्या आणि पाच कार्बनची एक, एकमेकींना चिकटलेल्या. ताणाच्या वेळी मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारं कॉर्टिसॉल, मीठ-पाण्याचा तोल सांभाळणारं अल्डोस्टेरॉन, तसंच टेस्टोस्टेरॉन, एस्ट्रॅडिऑल आणि प्रोजेस्टेरॉन ही सगळी याच घरातली. दम्याच्या काही पंपांतलं औषध आणि कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेलं डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्या बाजूचे नातेवाईक. जिममध्ये गैरवापर होतो तो टेस्टोस्टेरॉनच्या बाजूच्या नातेवाइकांचा.

पुस्तकात सरळ लिहिलंय: ही मेदात विरघळतात, म्हणून पेशीपटलातून आपोआप आत जातात. मग त्यांना पटलातून आत नेणारी वाहक प्रथिनं कशाला हवीत?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण पुस्तकातलं हे वाक्य मीही कित्येक वर्षं फळ्यावर लिहिलं.

फोडणीत हळद टाकली की तिचा रंग तेलात उतरतो. तीच हळद नुसत्या पाण्यात घातली तर गढूळ होऊन खाली बसते. स्टेरॉइडचा कलही तेलाकडेच. पेशीपटल म्हणजे मेदाच्या रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. तेव्हा स्टेरॉइड त्यात शिरणार हे ओघानं आलंच. प्रथिनं नसलेल्या, नुसत्या मेदाच्या कृत्रिम पिशव्या करून पाहिल्या तरी स्टेरॉइड त्यातून पार होतात. पुस्तक खोटं सांगत नाही.

पण फोडणीकडे पुन्हा बघा. तेलात उतरलेला रंग तेलातून बाहेर पाण्यात यायला तयार नसतो. पेशीच्या आत पाणी आहे, आणि संप्रेरकाला पटलात मुक्काम करायचा नाही, पलीकडे उतरायचंय. शिवाय सगळी स्टेरॉइडं सारखी तेलकट नाहीत. टेस्टोस्टेरॉनवर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) एक, कॉर्टिसॉलवर तीन, आणि कीटकांच्या २०-हायड्रॉक्सीएक्डायसोनवर सहा. हा प्रत्येक गट पाण्याचा हात धरून असतो. तेलात शिरायचं तर तो हात सोडावा लागतो आणि त्याला ऊर्जेची किंमत पडते. जितके गट जास्त, तितका पटलातून जाण्याचा वेग कमी.

म्हणजे इथे दोन वेगळी विधानं आहेत. 'स्टेरॉइड आपोआप पार होऊ शकतं' हे एक. 'स्टेरॉइड फक्त तसंच पार होतं' हे दुसरं. पहिल्याला पुरावा होता. दुसरं पहिल्याच्या पाठोपाठ गृहीत धरलं गेलं आणि अनेक दशकं फार थोड्यांनी तपासलं. वाड्याच्या भिंतीला भेगा आहेत म्हणून दिंडी दरवाजा नसेलच, असं आपण म्हणत नाही.

नुसतं झिरपणं आणि वाहकानं नेणं यातला फरक ओळखायचा कसा?

खेड शिवापूरचा टोलनाका डोळ्यासमोर आणा. गाड्या कमी असतील तर जितक्या येतील तितक्या सुटतात. लांब सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी मात्र खिडक्या तेवढ्याच राहतात आणि रांग वाढत जाते. ताशी सुटणाऱ्या गाड्यांचा आकडा एका ठिकाणी येऊन थांबतो. वाहक प्रथिनांचं तसंच असतं. बाहेरची मात्रा वाढवत नेली की आत जाण्याचा वेग एका मर्यादेवर अडकतो. झिरपण्याला अशी मर्यादा नसते, मात्रा दुप्पट झाली की वेगही दुप्पट. दुसरी खूण स्पर्धेची: त्याच दारानं जाणारा दुसरा रेणू भरपूर टाकला की पहिल्याचा वेग घटतो. तिसरी निवडीची: जवळजवळ सारख्याच दोन रेणूंपैकी एक झपाट्यानं जातो, दुसरा नाही.

ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात स्टेरॉइडवर हे प्रयोग करणं फार किचकट. हे रेणू प्लास्टिकच्या नळीला चिकटतात, पटलातच साठून राहतात, आणि आत गेल्यावर त्यांचा निरोप घेणाऱ्या ग्राही प्रथिनाला धरून बसतात. त्या ग्राहींची संख्याही मर्यादित असते, त्यामुळे 'वेग अडकला' असं दिसलं तरी अडकलं ते दारात की आतल्या खुर्च्या भरल्या म्हणून, हे सांगता येत नाही. १९७० च्या दशकापासून काही संशोधक वाहकाची शक्यता मांडत होते, पण या गुंत्यामुळे त्यांचं म्हणणं पक्कं होत नव्हतं. पक्का पुरावा द्यायचा तर दार एकदम काढून टाकून पाहायला हवं होतं. म्हणजे एकच जनुक निकामी करायचं आणि काय बिघडतं ते बघायचं.

ते कोणी केलं? आणि माशीतच का?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या नाओकी यामानाका यांच्या गटानं. हे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि प्राणी होता ड्रोसोफिला. इथे एक खुलासा केलेला बरा. आपल्याकडे शेतकरी 'फळमाशी' म्हणतात ती पेरू-आंब्याला डंख करणारी वेगळी माशी. ड्रोसोफिला म्हणजे मंडईतून आणलेली केळी जास्त पिकली की त्यांच्यावर घिरट्या घालणारी, लाल डोळ्यांची, तिळाएवढी माशी. घरात आपण तिला चिलट म्हणून हाकलतो.

कीटकांच्या वाढीची सूत्रं एक्डायसोन या स्टेरॉइडच्या हातात असतात. अळी कात टाकते, कोष करते, कोषात तिचं अंग मोडून नवं घडतं. या प्रत्येक वळणाआधी एक्डायसोनची लाट येते. हे संप्रेरक १९५४ मध्ये ब्युटेनान्ट आणि कार्लसन यांनी शुद्ध रूपात मिळवलं. त्यासाठी रेशीमकिड्यांचे ५०० किलो कोष लागले आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम. पाव चमचा मीठसुद्धा याहून कितीतरी जास्त भरतं. वर्गात हे सांगताना दर वेळी मीच थोडी थांबते.

यामानाकांच्या गटाला असं एक पटलावरचं प्रथिन सापडलं की ते नसेल तर अळीच्या पेशींना एक्डायसोनची हाक ऐकूच येत नाही. हे प्रथिन ओएटीपी नावाच्या जुन्या, ओळखीच्या वाहक कुळातलं निघालं. त्याला त्यांनी नाव दिलं 'एक्डायसोन इम्पोर्टर', म्हणजे एक्डायसोन आत आणणारा. त्याचं जनुक निकामी केलं की वाढ तशीच खुंटते, जशी संप्रेरक किंवा त्याचा ग्राही नसताना खुंटते. संप्रेरक रक्तद्रवात आहे, पेशीच्या आत ग्राही आहे, मधे भिंत फक्त ५ नॅनोमीटरची, आणि तरी निरोप पोचत नाही. 'आपोआप'च पुरेसं असतं तर ही अळी वाढायला हवी होती.

याच क्षेत्रातलं २०१५ चं काम मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. एक्डायसोन बनवणारी ग्रंथी ते नुसतं पाझरू देत नाही. ते लहान पिशव्यांमध्ये भरलं जातं, भरायला एटीपीची ऊर्जा वापरणारा एक वाहक असतो, आणि कॅल्शियमचा इशारा मिळाला की पिशव्या पेशीच्या कडेला येऊन रिकाम्या होतात. इन्शुलिनसारख्या प्रथिन संप्रेरकांच्या सुटकेचं वर्णन आपण असंच शिकवतो. स्टेरॉइडबद्दल असं कधी शिकवलं नव्हतं.

माशीत दिसलं म्हणून माणसातही तसंच असणार?

असा सरळ निष्कर्ष काढू नये. सहा हायड्रॉक्सिलच्या संप्रेरकाला दार लागतं म्हणून एका हायड्रॉक्सिलच्या टेस्टोस्टेरॉनला लागेलच असं नाही. आपल्या मोकळ्या लैंगिक संप्रेरकांचा बराच प्रवास झिरपूनच होतो, हे आजही बहुतेक अभ्यासक मान्य करतात. पण माणसाच्या शरीरात वाहकांची भूमिका जिथे पक्की कळली आहे, अशा जागा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. पुढचे प्रश्न त्यांचेच.

माझ्या रिपोर्टमध्ये 'टोटल' आणि 'फ्री' टेस्टोस्टेरॉन असे दोन आकडे आहेत. हेच का ते वाहक?

नाही, आणि ही गल्लत फार जणांची होते. रक्तातली वाहक प्रथिनं वेगळी, पटलावरची वेगळी. रक्तातली म्हणजे संप्रेरकाला पाठुंगळी घेऊन फिरणारी. टेस्टोस्टेरॉनसाठी एसएचबीजी आणि अल्ब्युमिन, कॉर्टिसॉलसाठी मुख्यतः सीबीजी. पुरुषाच्या रक्तातलं जेमतेम २ टक्के टेस्टोस्टेरॉन मोकळं असतं. कॉर्टिसॉलचं मोकळं प्रमाण साधारण ५ टक्के. 'टोटल' म्हणजे सगळं मिळून, 'फ्री' म्हणजे हे मोकळं. गरोदरपणात किंवा एस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना सीबीजी वाढतं, त्यामुळे एकूण कॉर्टिसॉलचा आकडा चढलेला दिसतो आणि मोकळं तेवढं वाढलेलं नसतं. अशा गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा.

पेशीत शिरतं ते मोकळंच, असा सर्वसाधारण नियम मानतात. त्याला एक सुंदर अपवाद आहे. मूत्रपिंडाच्या नलिकांतल्या पेशींवर मेगालिन नावाचं भलंमोठं ग्राही प्रथिन असतं. ड जीवनसत्त्वाचं साठवणीचं रूप आपल्या वाहक प्रथिनासकट तिथे येतं आणि मेगालिन दोघांनाही एकत्र, पटलाची खळगी करून आत ओढून घेतं. हे १९९९ मध्ये उंदरात दिसलं. २००५ मध्ये एसएचबीजीला बांधलेल्या लैंगिक संप्रेरकांबाबतही असाच मार्ग दाखवला गेला: मेगालिन नसलेल्या नर उंदरांची वृषणं खाली नीट उतरली नव्हती. या दुसऱ्या निष्कर्षाचं माणसात किती वजन आहे यावर मतभेद आहेत. पहिला भक्कम आहे.

एवढं मात्र लक्षात ठेवा की रिपोर्टमधला कोणताही आकडा रक्तातला असतो, पेशीच्या आतला नव्हे.

डीएचईए-एस मधला 'एस' कशाचा?

सल्फेटचा. डीएचईए हे अधिवृक्क ग्रंथीतलं एक स्टेरॉइड. तेलकट स्टेरॉइडला सल्फेट चिकटवलं की त्याच्यावर विद्युतभार येतो, ते पाण्यात मजेत फिरतं आणि पटलातून झिरपणं जवळजवळ बंद होतं. इथे वाहकाशिवाय गत्यंतर नाही, याबद्दल वादही नाही. ओएटीपी कुळातली, ओएटी कुळातली आणि एसओएटी नावाची प्रथिनं ही वाहतूक करतात.

याचं सगळ्यात मोठं कामकाज गरोदरपणात चालतं. बाळाची अधिवृक्क ग्रंथी डीएचईए-एस बनवते. बाळाचं यकृत त्यातल्या बऱ्याचशा भागात किरकोळ बदल करतं. मग ते वारेत, म्हणजे प्लॅसेंटात, पोचतं. वारेच्या पेशीवरचे वाहक त्याला आत घेतात, आतलं सल्फेटेज नावाचं एन्झाइम सल्फेट तोडतं, आणि त्यातून एस्ट्रिऑल तयार होतं. आईच्या रक्तातलं एस्ट्रिऑल मुख्यतः असं बाळ आणि वार यांनी मिळून केलेलं असतं. स्वतःकडे संपूर्ण सामग्री नसताना दोघांनी मिळून एक संप्रेरक बनवायचं, आणि मधल्या दारांनी ते शक्य करायचं. मला शरीरशास्त्रात याहून देखणी गोष्ट क्वचितच दिसली आहे.

आत आणणारे आहेत, तसे बाहेर काढणारेही असतात का?

असतात, आणि माणसातला चांगला पुरावा बराचसा त्यांच्याच बाजूचा आहे. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे पी-ग्लायकोप्रोटीन. कर्करोगाच्या औषधांना न जुमानणाऱ्या पेशींचा अभ्यास करताना जुलियानो आणि लिंग यांना ते १९७६ मध्ये सापडलं. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर ते पहारा देतं आणि नको ते रेणू रक्तात परत ढकलतं.

नेदरलँड्समध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या पिंजऱ्यांत गोचिडीसारखे बारीक किडे झाले म्हणून नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिन फवारलं. साध्या उंदरांना काही झालं नाही, हे उंदीर मात्र मेले. औषध त्यांच्या मेंदूत साठलं होतं. १९९४ ची ही घटना. पहारेकरी काय काम करतो हे त्यानंतर वेगळं समजावून सांगायची गरज उरली नाही.

हाच पहारेकरी डेक्सामेथासोनला अडवतो. तो नसलेल्या उंदरांच्या मेंदूत ते कितीतरी जास्त पोचतं. कॉर्टिसॉललाही तो बाहेर ढकलतो, पण त्याचंच भावंड असलेल्या कॉर्टिकोस्टेरॉनला सोडून देतो. माणसाच्या रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी पट जास्त असतं, तरी मेंदूत कॉर्टिकोस्टेरॉनचा वाटा रक्तातल्यापेक्षा मोठा भरतो. चरबीच्या पेशीत याच्या उलट: तिथे दुसरा एक वाहक कॉर्टिकोस्टेरॉनला बाहेर काढतो आणि कॉर्टिसॉल राहतं, असं एडिनबरा विद्यापीठाच्या गटानं २०१६ मध्ये दाखवलं. दोन रेणूंमध्ये फरक एका हायड्रॉक्सिलचा. सगळं नुसतं झिरपत असतं, तर एवढ्याशा फरकानं मेंदूत एक आणि चरबीत दुसरं अशी विभागणी झाली नसती.

थायरॉइडचं उदाहरण या धड्यात का देता? ते तर स्टेरॉइड नाही.

नाही. पण त्याच्याबद्दलही 'तेलकट आहे, आपोआप आत जातं' असंच सांगितलं जायचं. २००३ मध्ये एमसीटी८ हा त्याचा वाहक ओळखला गेला, आणि पुढच्याच वर्षी कळलं की या वाहकाच्या जनुकात दोष असलेले मुलगे जन्मतात. मान सावरत नाही, बोलणं येत नाही, अंगात बळ नाही. रक्तात टी३ हे थायरॉइडचं संप्रेरक भरपूर, उलट वाढलेलंच, आणि मेंदू मात्र त्याच्याविना उपाशी. या आजाराचं वर्णन १९४४ पासून नोंदलेलं होतं. कारण कळायला ६० वर्षं लागली. गृहीतकाची किंमत कोण मोजतं ते या घरांना विचारावं. म्हणून हे उदाहरण मी गाळत नाही.

स्टेरॉइड बनतं कुठे? तिथेही वाहतूक लागते का?

लागते. पहिली पायरी तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलावर होते आणि तिथवर कोलेस्टेरॉल पोचवायला स्टार नावाचं प्रथिन लागतं. ते १९९४ मध्ये सापडलं. ते जन्मतः सदोष असेल तर बाळाला स्टेरॉइड संप्रेरकं जवळजवळ बनवताच येत नाहीत, आणि वेळेत ओळखून औषध दिलं नाही तर जिवावर बेतू शकतं.

मी प्रेडनिसोलोन घेते. काय खाऊ नये, काय घेऊ नये?

सर्वांत आधी हे: बरेच दिवस चालू असलेली स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करू नका. बाहेरून मिळतंय म्हणून तुमच्या अधिवृक्क ग्रंथी झोपलेल्या असतात, त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी 'अंग सुजतंय' म्हणून एकदम गोळी टाकून दिली आणि चौथ्या दिवशी त्यांना चक्कर येऊन रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. मात्रा हळूहळू उतरवायची ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून.

क्षयावरचं रिफाम्पिसिन चालू झालं तर सांगा: ते यकृतातल्या ओएटीपी वाहकांना अडवतं, आणि काही दिवसांत स्टेरॉइड मोडणारी एन्झाइमंही वाढवतं, त्यामुळे गोळीचा असर घटतो. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा रोज घेत असाल तर तेही सांगा. त्यानं मूत्रपिंडातलं कॉर्टिसॉल निष्प्रभ करणारं एन्झाइम दबतं, रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं.

याचा डेंग्यूशी काही संबंध जोडता येईल का?

जोडला जातोय. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासातही एक्डायसोन आत आणणारे वाहक सापडले आहेत, आणि ते त्याच्या वाढीला आणि अंडी घालण्याला लागतात. कीटकाच्या या दारालाच कुलूप घालणारा रेणू मिळाला तर तो नव्या प्रकारचं कीटकनाशक होऊ शकेल, ही त्यामागची आशा. आज बाजारात असं काही नाही. पावसाळ्यात कुंडीखालच्या ताटल्या रिकाम्या करणं हेच आपलं काम.

परीक्षेत काय लिहू?

पुस्तकात आहे ते लिहा: मेदविद्राव्य असल्यानं पेशीपटलातून विसरणानं (म्हणजे झिरपून) आत जातात, आतल्या ग्राहीला जोडले जातात, मग केंद्रकात जनुकांवर काम करतात. त्यात चूक नाही आणि गुण त्यालाच आहेत. 'विसरणानं'च्या आधी 'मुख्यतः' हा शब्द घातलात तर वाक्य अधिक खरं होईल आणि गुणही जाणार नाहीत.

हे सगळं न दिसणारं आहे. काहीतरी डोळ्यांनी बघता येईल का?

येईल. जॅमची रिकामी काचेची बाटली घ्या. तळाशी जास्त पिकलेलं केळं कुस्करून घाला, वर चिमूटभर यीस्ट. झाकण न लावता एक दिवस ओट्यावर ठेवा. पाच-सहा चिलटं आत शिरली की तोंडाशी कापसाचा घट्ट बोळा लावा. पुण्यात मार्च महिना यासाठी चांगला. डिसेंबरात सगळं लांबतं.

दोन-तीन दिवसांत केळ्यात बारीक पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील, काळं तोंड लगद्यात खुपसून. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यातली एखादी खाणं सोडते आणि काचेवर चढायला लागते. भिंगातून बघा. ती थोडी चढते, थांबते, डोकं डावी-उजवीकडे वळवते, पुन्हा चढते. मग एका जागी थबकते, आखूड होते, आणि तिचं अंग पिंपासारखं दिसू लागतं. या क्षणी ती अजून पांढरी असते. घड्याळ लावून बसा. काही तासांत तो पांढरा रंग आधी मधासारखा आणि मग पक्का तपकिरी होतो. एक्डायसोनची लाट येऊन गेलेली असते, आणि अळीच्या पेशींवरच्या त्या दारातून ती आत पोचलेली असते.